जुवाची रिकामी बाजू

आलापल्ली, पोळ्यानंतरचा मंगळवार, १९५६

मन थाऱ्यावर नाही. मातीकामातून उपचार शिकायला आलेल्या नर्सांना मी रोज बजावते, रुग्णाच्या मातीला हात लावू नका. आज सुशीलेनं लावलाच.

बायजाचा नवरा सागाच्या ओंडक्याखाली गेला, तेव्हापासून तिची वाचा बंद. आज तिनं मानेवर जू असलेला बैल केला. एकच. जुवाची दुसरी बाजू रिकामी. आपल्याकडे पोळ्याच्या दिवसांत एकटा बैल कोण ठेवतं? सुशीलेनं मायेनं दुसरा करून तिथं जोडला.

बायजानं तो उचलून बाजूला ठेवला आणि चक्क बोलली! "इथी दुसरा नोको लावू, बाई. थे जागा त्याची हाये."

मग रडली, खूप. हे बरं होणं की जखम उकरणं? सुशीलेचा हात लागला नसता तर ती बोलली असती का? ती रिकामी बाजू डोळ्यांपुढून हलत नाही.

जाताना सुशीलेनं विचारलं, "बाई, मी चुकली का?"

"हो," मी म्हटलं.

तेवढ्यात वॉर्डातून बायजा ओरडली, "भाजीत मीठ नाई टाकलं काऊन?"