चिंचेचं झाड नेमकं कुठे होतं

ती. दोसिया मावशीस,

मानाग्वाहून तुझ्या एलिसेओचा नमस्कार, आशीर्वाद असू दे. गुडघा कसा आहे? खुडूक बसलेली कोंबडी उठली का? इकडे सांतो दोमिंगोच्या कृपेने सगळे बरे आहोत. आईही ठीक (दिवसभर कुरकुरते, म्हणजे ठीकच). तू पाठवलेलं चीज एका बैठकीत संपलं. यादिरा म्हणते नवऱ्याने संपवलं, मी म्हणतो बायकोने.

तर मावशी, तुझा भाचा या वयात इंग्रजी शिकतोय. हसू नकोस. एका मोठ्या हॉटेलला पाहुण्यांसाठी कायमचा ड्रायव्हर हवाय, आणि अट अशी की तोंडी इंग्रजीची परीक्षा पास व्हायची. माझ्या टॅक्सीची दशा तुला ठाऊक आहे. एक दरवाजा दोरीने बांधलाय, उरलेले तीन त्याच वाटेवर आहेत. हॉटेलची गाडी म्हणजे आत गारवा, महिन्याला पगार, डोक्यावर टोपी! यादिराने तर गल्लीभर सांगूनही टाकलंय. आता नोकरी मिळाली नाही तर मला राहतं घर बदलावं लागेल.

इंग्रजी तसं जमलं असतं गं, पण त्यांची ती शब्दयोगी अव्ययं! आपण स्पॅनिशमध्ये 'एन' म्हटलं की काम भागतं. वस्तू पेटीत असो, टेबलावर असो, दाराशी असो. ज्याला हवी तो जाऊन बघेल. त्यांना मात्र इन, ऑन, ॲट असे तीन नोकर लागतात आणि एकाचं काम दुसरा करत नाही. टॅक्सीत बसायचं तर इन, बसमध्ये बसायचं तर ऑन. मी निनोस्काबाईंना (आमच्या शिकवणीच्या बाई, आवाज खणखणीत) विचारलं, म्हणजे बसच्या टपावर बसायचं का? (आपल्याकडे बसतात म्हणा.) त्या म्हणाल्या, "एलिसेओ, डोकं चालवू नकोस, पाठ कर." मग घरी मांजराला टेबलावर, टोपलीत, दारामागे ठेवून घोकंपट्टी केली. मला यायच्या आधी मांजरालाच आलं. 'अंडर' म्हटलं की गुपचूप खाटेखाली जातं. आई म्हणाली, "परीक्षेला त्यालाच पाठव."

परीक्षा घ्यायला हॉटेलच्या मिस हॅडली आमच्या शिकवणीतच आल्या. पेन टेबलावर, चावी खिशात, सगळं मी फाडफाड सांगितलं. मग त्या म्हणाल्या, पाहुण्याला औषधाचं दुकान कुठे आहे ते सांगा. मी खूश! टॅक्सीवाल्याला पत्ता विचारणं म्हणजे माशाला पोहायला सांगणं. म्हटलं, चिंचेचं झाड होतं तिथून तळ्याकडे दोन चौक, मग वर एक चौक, भूकंपात पडलेल्या थिएटरच्या समोर. एकूणएक अव्यय जागच्या जागी! निनोस्काबाईंनी डोळे पुसले. पण 'वर' म्हटल्याबरोबर मिस हॅडलींनी छताकडे पाहिलं. मी समजावलं, सूर्य वर येतो ती बाजू वर, खाली जातो ती खाली. हे त्यांना पटलं, बाई समजूतदार आहेत.

"थिएटर लांबून दिसेल ना?"

"नाही, ते पडलं."

"मग झाड?"

"तेही नाही. वीज पडून गेलं, माझ्या जन्माआधी."

"मग ते कुठे होतं हे तुम्हाला कसं माहीत?"

कप्पाळ! टपालवाल्यापासून पाद्रीबाबांपर्यंत अख्खी वस्ती त्या झाडापासून मोजते. असला आगाऊ प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता.

त्या उठल्याच. "चला, दाखवा." दरवाज्याची दोरी सोडून त्यांना टॅक्सीत बसवलं (इन!) आणि झाडाच्या कोपऱ्यावर नेलं. तिथला न्हावी त्रान्सितो म्हणाला, झाड माझ्या दुकानाच्या पायरीशी होतं. समोरून मक्याच्या तोर्तिया विकणारी पेत्रोनिला ओरडली, "गप रे मेल्या! माझी आई त्याच्या सावलीत इथे बसायची!" तो म्हणाला, "अगं बये, सावली सकाळी इकडे, संध्याकाळी तिकडे. झाड फिरतं का?" बघता बघता वस्तीचे दोन तट पडले. झाड रस्त्यापलीकडे सरकलं की सगळ्यांचे पत्ते सरकणार ना! पेत्रोनिलाने लाटणं उचललं तेव्हा मी मिस हॅडलींना गाडीत कोंबलं.

त्या हसून हसून रडत होत्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "ते झाड स्वतः पाहिलेलं माणूस शुक्रवारपर्यंत माझ्यासमोर उभं करा, नोकरी तुमची. नाहीतर दुसरा उमेदवार आहे, त्याला नकाशा वाचता येतो." मावशी, खोटं कशाला बोलू, तेव्हापासून मला जेवण जात नाही.

बाकी सगळं क्षेम. गुडघ्याला तेल चोळत जा.

तुझा लाडका (एकुलता एक, त्यामुळे पर्याय नाही) भाचा,
एलिसेओ

ता. क. गुडघ्याची चौकशी मनापासूनच होती, पण पत्र लिहिलं ते यासाठी. लग्नाआधी तू त्याच कोपऱ्यावर राहायचीस. गुरुवारच्या बसने ये, शुक्रवारी कोपऱ्यावर उभी राहून नुसतं बोट दाखव. येताना चीज आण, दोन गोळे. एक मिस हॅडलींना.

ता. क. २. आत्ताच आईला पत्र वाचून दाखवलं. ती पोट धरून हसतेय. म्हणते, "कसली वीज! तुझ्या आजोबांचा ट्रक चालवायला शिकताना दोसियानेच आडवं केलं ते!" मावशी, काळजी करू नकोस, वस्तीत मी विजेचंच नाव सांगेन. बसने नको, मीच न्यायला येतो (गाडी चालवायला मागू नकोस). फक्त एवढं आठवून ठेव, मिस हॅडली नक्की विचारतील: तू शेवटचं पाहिलंस तेव्हा ते झाड ट्रकच्या समोर होतं, की खाली?