अर्थ सांगा व वाक्यात उपयोग करा

तीर्थस्वरूप वहिनीस,

धाकट्या दिराचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

तुमचे गुडघे, तुमच्या शाळेचा जिना आणि सातवीचा वर्ग, या तिन्हींचा त्रास कमी झाला असेल अशी आशा करतो. आम्ही दोघे भाऊ इकडे खुशाल आहोत. (ही ओळ बसल्या बसल्या सवयीने लिहून गेलो. खोडली तर कागद खराब होईल, म्हणून राहू देतो.) दादाची नोकरी ठीक चालली आहे ना, असं मागच्या पत्रात तुम्ही दोनदा विचारलंत, एकदा शाईने आणि एकदा समासात पेन्सिलने. सांगतो. पण जरा लांबून यावं लागेल, कारण त्यात माझा हात आहे, आणि त्या हाताला इंग्रजी लिहायला तुम्हीच शिकवलंत.

तुम्ही लग्न होऊन घरात आलात तेव्हा मी इंग्रजीत दोनदा आपटलेलो होतो. तुम्ही मला वहीला तीन रकाने आखून दिलेत: वाक्प्रचार, अर्थ, वाक्यात उपयोग. आभाळातून मांजरं-कुत्री पडली म्हणजे धो धो पाऊस, बादलीला लाथ मारली म्हणजे माणूस गेला. (लाथ बादलीला बसली तर माणूस कसा गेला, असं विचारलं तेव्हा तुम्ही माझा कान पिळलात. तो कान अजून दुसऱ्यापेक्षा मोठा आहे.) पहिले दोन रकाने मी घोकून घोकून तोंडपाठ केले. तिसरा कच्चा राहिला तो राहिलाच. त्या वहीच्या जोरावर बाटल्यांच्या कारखान्यात पॅकिंगचा कारकून झालो. दादा तिथे आधीपासून तपासणीला होताच. पांढऱ्या उजेडाच्या काचेपुढून बाटल्या सरकत जातात आणि तो नुसत्या नजरेने बुडबुडा, तडा, वाकडी मान टिपून बाजूला काढतो. सव्वीस वर्षं हेच काम, आणि हात लावून बघायची वेळ त्याच्यावर कधी आली नाही.

गेल्या वर्षी नवे साहेब आले. या गृहस्थांना सरळ बोलता येत नाही. दर सोमवारी कँटीनच्या दाराशी एक इंग्रजी परिपत्रक लागायचं आणि त्यात एक तरी वाक्प्रचार फणा काढून बसलेला असायचा. ‘आपण सगळे एकाच होडीत आहोत’ असं आलं तेव्हा भट्टीवाला म्हणाला, मग साहेबांना म्हणावं घटकाभर आमच्या टोकाला येऊन बसा. ‘नव्या रक्ताची गरज आहे’ असं लागलं त्या दिवशी तपासणीतले तिघे बाह्या सरसावून दवाखान्यापुढे उभे राहिले, आणि कंपाउंडरने एकाचं रक्त काढूनसुद्धा घेतलं. (तरुण माणसं भरणार असा त्याचा अर्थ आहे, हे सांगायला मी धापा टाकत पोचलो तोवर बाटली भरत आली होती. पुढे तिचं काय केलं, कोण जाणे.) त्यानंतर सगळ्यांनी ठरवलं की दर सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी परिपत्रक वाचून अर्थ सांगायचा. मला उभं राहायला उपडं खोकं मिळालं. न मागता चहा हातात यायला लागला. जे हमाल मला ‘ए पॅकिंग’ म्हणायचे ते मास्तर म्हणायला लागले. खोटं कशाला बोलू वहिनी, मला ते फार आवडलं. दादा पहिल्या बाकावर बसायचा आणि शेजारच्याला कोपराने ढोसायचा. माझ्याकडे बघून इतका खूश झालेला मी त्याला जन्मात पाहिला नव्हता.

दोन महिन्यांपूर्वीच्या सोमवारी लांबलचक परिपत्रक आलं. वाळलेलं लाकूड छाटावं लागणार, तपासणीला कॅमेऱ्याचं यंत्र येणार, पन्नाशीपुढच्या ज्यांना दुसऱ्या कारखान्यात जायचं असेल त्यांनी शुक्रवारपर्यंत फाटकावरच्या रजिस्टरमध्ये सही करावी, चेंडू आता तुमच्या अंगणात आहे. वाळलेलं लाकूड तुमच्या वहीत तेविसाव्या ओळीवर आहे. अर्थ: कामाची न उरलेली माणसं. मला अर्थ येत होता, वहिनी. मी मान वर केली तर समोर दादा, घास हातात धरून, आता हा काय गंमत सांगतो म्हणून वाट बघत होता. मी म्हणालो, लाकूड म्हणजे फालतू खर्च, दिवे, कागद, साहेबांच्या गाड्या. रजिस्टर हौसेचं आहे, तपासणीवाल्यांनी त्याची काळजी करू नये. सगळे हसले, कुणी तरी टाळ्याही वाजवल्या. दादाला घरी जाताना खरं सांगू असं ठरवलं होतं. मग मंगळवारी सांगू म्हटलं. गुरुवारी त्याला सर्दी झाली. शुक्रवार असाच गेला.

तपासणीतल्या अकरांपैकी सहा जणांनी त्याच सोमवारी संध्याकाळी जाऊन सह्या केल्या. (त्यांना इंग्रजी येत नाही. मी मात्र त्यांना चांगला कळतो.) उरलेल्या पाचांना महिनाअखेरीस पाकिटं मिळाली. त्यात साहेबांनी, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, एक सरळ वाक्य लिहिलं होतं. अर्थ विचारायला माझ्याकडे कुणी आलं नाही. पाचवं पाकीट दादाचं. माझी नोकरी शाबूत आहे, कारण ऑफिसला इंग्रजी येणारा माणूस लागतो. परिपत्रकं अजून लागतात. खोकं कुणी तरी उचलून नेलं, आणि चहा मी स्वतःच जाऊन आणतो.

असो. तब्येतीला जपा. जिना सावकाश चढा.

तुमचा दीर

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. दादा अजून रोज सकाळी डबा घेऊन वेळेवर बाहेर पडतो. कुठे जातो म्हणून मी परवा मागोमाग गेलो. बसथांब्यामागच्या बाकावर बसतो. कचरापेटीशेजारी पडलेली बाटली उचलून आभाळासमोर धरतो, फिरवून बघतो, परत नीट ठेवतो. नोकरी गेल्याचं तुम्हाला कळवायचं नाही अशी त्याने मला शपथ घातली आहे. तर तुम्ही एवढंच करा: घराच्या फाटकाचं बिजागर निखळलंय, ताबडतोब या, असं त्याला पत्र लिहा. मी काही बोललो हे त्याला कळू देऊ नका. शरमेने तो आपणहून येणार नाही, आणि मला त्याला त्या बाकावर बघवत नाही.

आणखी ता. क. तीन दिवस काय खरडतोयस, असं दादाने विचारलं. मग वाचून दाखवलं. रजिस्टरपासून उडी मारून मी थेट पाकिटावर गेलो. तो म्हणाला, “थांब. मधलं गाळलंस. परत वाच.” परत वाचलं, सगळं, वरचा ताजा कलमसुद्धा. मग मी विचारलं, निदान शंका म्हणून तरी सही का नाही केलीस? म्हणाला, “शंका कसली? तू खोटं सांगतोयस हे तिथंच दिसलं मला. पण सख्ख्या भावानेच जाऊन सही केली असती, तर त्या खोक्यावर तुला परत कुणी उभं केलं असतं का?”

 

बिजागर त्याने स्वतः बसवलेलं आहे, ते निखळणार नाही, असं तुम्हाला कळवायला सांगितलं आहे. रविवारी तो तुमच्याकडे घरी येतोय. पाकीट चिकटवायच्या आधी त्याने पत्र हातात घेतलं, वरच्या ‘खुशाल आहोत’ या ओळीवर बोट ठेवलं आणि ती मला खोडायला लावली. कागद खराब झाला आहे, त्याबद्दल माफी असावी.