उतारावरची मशीन आणि नायलॉनचा हार

१८ ऑक्टो. ९३, सोम.
सकाळी लॉनचा उतार कापला. सगळा, खाली नाल्याच्या कुंपणापर्यंत. अ‍ॅडमिनचे कारखानीस साहेब खिडकीतून बघत होते, कधी पडते याची वाट बघत असणार. पडले नाही. अख्ख्या वागळे इस्टेटीत मागच्या फळीवर उभं राहून चालवायची गवतकापणी मशीन आमच्याच कंपनीत, आणि ती चालवणारी मी, बागेची सुपरवायझर. साहेबांचं एकच, "देवधर बाई, तुम्ही आपली फुलझाडं बघा ना." बघते की. लॉनपण बघते.

दुपारी दामूला शिकवलं. आमचा माळी, चेंदणी कोळीवाड्यातला. होडीत उभं राहायची सवय, तोल पक्का. तरी घोकवून घेतलं: गवत ओलं तर उतारावर जायचं नाही, गर्रकन वळायचं नाही, नाल्याच्या कडेपासून लांब. घसरलीच तर हँडल सोडून वरच्या अंगाला उडी. हँडलखालची पट्टी मुठीतून सुटली की मशीन जागच्या जागी बंद. दामू म्हणतो, "माज्या बायकोला पन अशी पट्टी लावा, बाई." म्हटलं, आधी तुला लावते.

२३ ऑक्टो., शनि.
खंडेनवमी. कॉम्प्रेसरपासून टाइपरायटरपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू. गवताच्या मशीनची पूजा कारखानीस साहेबांनी (यापुढे नुसते का.) स्वतः केली, सपत्नीक. चाकाखाली लिंबू, वर झेंडूचा भलामोठा हार. मागच्या दसऱ्याला जीपचा हार तुटून पडला आणि नंतर जीप ठोकली, म्हणून यंदा नायलॉनची दोरी. हँडलला गच्च वेढे, गाठीवर गाठ. "दिवाळीपर्यंत कोणी हात लावायचा नाही!" सगळ्यांनी नमस्कार केला. पेढा बरा होता.

२५ ऑक्टो., सोम.
दामूचा पाय मोडला.

मी गुलाबांकडे होते, ओरडला तशी धावले. गवत कोरडं, वेग कमी, सगळं बरोबर करत होता. चाक दगडावर चढलं, मशीन घसरली. याने मी शिकवल्यासारखं हँडल सोडलं, वर उडी मारली. आणि मशीन बंदच होईना! वळून परत याच्याच पायावर. नशीब, चाक गेलं, पातं नाही. मग कुंपणाला धडकून घरघरत राहिली. बंद करायला गेले तर पट्टी हाराखाली दोरीने आवळलेली. हात सुटला काय, न सुटला काय, मशीनला कळणार कसं? डोळ्यांनी बघितलं मी.

प्लास्टर घातलं. त्याची बायको पार्वती येईपर्यंत दवाखान्यात थांबले. मग डोंबिवलीला घरी.

२६ ऑक्टो., मंगळ.
हार गायब! निर्माल्य म्हणून नाल्यात सोडला म्हणे. दिवाळीपर्यंत हात लावायचा नव्हता ना?

का.नी केबिनमध्ये बोलावलं. "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कोळी शुद्धीवर असतो होय? चौकशीत तुम्ही फक्त वास येत होता एवढं सांगा."
"येत नव्हता."
"मग त्याला शिकवलं कोणी, हा प्रश्न येईल. बाईमाणसाच्या हातात मशीन दिली हीच चूक झाली, असं सांगावं लागेल मला."
"सांगा."
बाहेर येऊन मनात म्हटलं, मेल्या, गाठी तू मारल्यास आणि वास त्याला येतो?

रात्री हे म्हणाले, "कशाला नसत्या भानगडीत पडतेस?" म्हटलं, उडी मारायला मी शिकवलंय त्याला.

३० ऑक्टो., शनि.
कोळीवाड्यात जाऊन आले. दामू खाटेवर. "बाई, थेंबाला शिवलो नवतो. एकवीरा आईची आन." माहीत आहे रे. हार हाताला टोचत होता म्हणाला, पण पूजेचा हार, कसा काढायचा? रडायला लागला. त्याला कामावरून काढणार असं फॅक्टरीत सगळीकडे झालंय, त्याच्या कानावर आलंय. निघताना पार्वतीने सुकट बांधून दिली. देवधरांच्या घरात सुकट! घेतली. नाही म्हणवेना.

३ नोव्हें., बुध.
चौकशी झाली. जी. एम., का., युनियनचे दोघे, मी. का. अगदी गोड आवाजात, "फुलांचा हार हो तो. त्याने मशीनला काय फरक पडणार?"

उठून उभीच राहिले. म्हटलं, "फरक पडत नाही ना? मग उद्या तशीच दोरी, तशाच गाठी, तुम्हीच बांधा. मी मशीन उतारावर नेते आणि मध्यावर हँडल सोडून उडी मारते. तुम्ही फक्त खाली कुंपणापाशी उभे राहा."

का. पाणी प्यायले. युनियनवाला म्हणाला, "साहेब, बाईंना उत्तर द्या." "हा काय पोरखेळ आहे?" एवढंच. जी. एम.नी ते लिहून घेतलं, फाइल मिटली. निर्णय दिवाळीनंतर.

बाहेर आल्यावर बरं वाटलं. फार बरं वाटलं.

६ नोव्हें., शनि.
मशीनच्या खोलीला कुलूप, किल्ली का.कडे. मला तोंडी हुकूम: लॉनकडे फिरकायचं नाही, फक्त कुंड्या. दामूला काढलेलं नाही, घेतलेलंही नाही.

काल का. जिन्यात भेटले. "बोललात ते मागे घ्या बाई, मी तुमचं नि कोळ्याचं, दोघांचं बघतो." म्हटलं, "साहेब, उतारावर कधी यायचं, वेळ सांगा, मी तयार आहे." तरातरा खाली उतरले. आज समोर आलेच नाहीत. वॉचमन सांगत होता, हल्ली मागच्या गेटने येतात.

सोमवारी सगळ्या कुंड्या मागच्या गेटपाशी हलवणार आहे.