सदाफुली आणि सुई

वाशी, १ ऑगस्ट १९८६
रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, गणपतीनंतर पुन्हा तपासू. उतरली नाही तर रोज इन्शुलिनचं इंजेक्शन. सुईची मला भीती वाटत नाही. ती टोचू नये, एवढंच.

४ ऑगस्ट
बेलापूरच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावरचे भगवान म्हात्रे म्हणाले, सदाफुलीची फुलं खावा, आमचे बापाची साकर यानीच उतरली. पन बाप दिवसभर मिठागरान राबाचा. फुलांचं नीट लक्षात ठेवलं. बाल्कनीत कुंड्या आहेतच. उद्यापासून उपाशीपोटी पाच फुलं. गोड बंद.

५ ऑगस्ट, सकाळी
फुलं कडू. जयमाला कडाडली, देवाच्या आधी तोंडात घालता? आता देवाला उष्ट्या झाडाची फुलं वाहू? बायकोचा मुद्दा पटला. आधी देव, मग मी.

९ ऑगस्ट
देवाला सगळीच लागतात. निर्माल्यातली उचलून खाल्ली. हे योग्य का? बराच विचार केला. औषध म्हणून चालावं. जयमाला म्हणाली, अहो, त्यातला गुण देवाने घेतला. आता देवाची साखर उतरेल.

१७ ऑगस्ट
घरी सत्यनारायण. प्रसाद नाकारणं बरं नव्हे. शेजारच्या मालतीबाईंनी आग्रह केला, म्हणून शिरा पुन्हा घेतला. भरपाईला दुप्पट फुलं खाणार होतो, ती पूजेतच संपली.

२५ ऑगस्ट
घरच्या चहात साखर नाही. कॅन्टीनचा चहा साखर घालूनच उकळतात, त्याला माझा इलाज नाही. थकवा फार. जिना चढताना दोनदा बसलो. औषध लागू पडत असावं.

८ सप्टेंबर
काल मोदक. तळलेले असते तर शिवलो नसतो, उकडीचे होते. नंतर सदाफुलीच्या कळ्या खाल्ल्या, मग पानं. जयमाला म्हणाली, कुंडी तेवढी ठेवा, उद्याच्या नाश्त्याला.

१९ सप्टेंबर
साखर वाढली. डॉक्टरांना सदाफुलीचं सविस्तर सांगितलं. त्यांनी विचारलं, आणि बाकी काय खाल्लंत? प्रश्न विषयाबाहेरचा वाटला. सुई कशी द्यायची ते जयमाला शिकली. संध्याकाळभर मोसंब्याला टोचत होती. मोसंब्याकडे पाहवेना.

२० सप्टेंबर, सकाळी
डोळे घट्ट मिटून बसलो. दात आवळले. बराच वेळ काहीच होईना, तेव्हा म्हटलं, टोच एकदाची. जयमाला स्वयंपाकघरातून म्हणाली, अहो, केव्हाच झालं, चहा घ्या.
मुंगी चावली असती तर कळलं तरी असतं.
एवढ्यासाठी मी अख्खी बाल्कनी खाल्ली. कुंड्यांत काड्या उरल्यात. आज देवाला फूल नाही.