गंगूआत्याच्या चहाची तजवीज

मी, प्रेमा विष्णुपंत सेनगावकर, वय वर्षे वीस, राहणार हिंगोली, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवते. पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी मी उद्या हैदराबादेस निघत आहे. परत येण्याची मला पुरती आशा आहे. तरीही माझ्यामागे एका व्यक्तीच्या चहाची आबाळ होऊ नये, म्हणून ही तजवीज.

कलम १. माझी पुस्तके मुलींच्या शाळेस द्यावीत. पानांवरचे चहाचे डाग पुसू नयेत; कागद फाटतो.

कलम २. वडिलांनी मला दिलेले घड्याळ ज्येष्ठ बंधू नाना यांस. चहाने रक्त आटते व बायका अकाली म्हाताऱ्या होतात, असे ते पेल्यामागून पेला रिचवीत सांगतात. त्यांना मी तोंडावर कधी उत्तर दिले नाही, येथे देते. आमची विधवा आत्या गंगूताई साठी उलटल्यावर, दुपारच्या चहाला माझ्याशेजारी बसून अक्षरे शिकली. "या वयात शिकून तहसीलदार व्हायचंय काय?" असे नानांनी विचारले. "व्हय, आन पहिली बदली तुझीच करीन," असे आत्या म्हणाली. या घरात तिच्याहून तरुण कोणी नाही.

कलम ३. माझा स्टोव्ह, चहाचे भांडे व शिष्यवृत्तीतील शिल्लक गंगूआत्यास. आमच्या घरी सर्वांचा चहा गाळल्यावर उरलेला चोथा पुन्हा उकळून विधवेस देण्याची रीत आहे. सदर कागदापुरता 'चहा' म्हणजे ताज्या पत्तीचा. चोथ्याचे पाणी चहा समजू नये.

(कलम ३ रद्द. ज्यास काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी सांगितले. ते ऐकताच आत्या म्हणाली, "मंग मला स्टोव्ह नको. सही करू दे. आजवर कुणी माझी साक्ष विचारली न्हाई." मी पुष्कळ समजावले. "काहून रडतीस, पोरी? चोथा तर रोजचाच हाय.")

कलम ४. सबब कलम ३ मधील सर्व वस्तू व शिल्लक नानांच्या पत्नी निर्मलावहिनींस. आत्याच्या चहाची अट मी लिहायला घेतली, तेव्हा नानांसमोर एरवी न बोलणाऱ्या वहिनी दारातून म्हणाल्या, "वन्सं, अट कशाला? चोथा उकळत होते ते ह्यांच्या धाकानं. स्टोव्ह घरात हाय तोवर सगळ्यांना एकाच भांड्यातला चहा. उद्यापासूनच." नाना खाकरले, हरकत घेतली नाही. म्हणून अट लिहिलेली नाही.

कलम ५. मी बरी होऊन आले की हा कागद रद्द करीन. मात्र तो कोणी फाडू नये. खालच्या पहिल्या साक्षीसाठी जपून ठेवावा.

हिंगोली, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८५९.

लिहून ठेवणार: प्रेमा विष्णुपंत सेनगावकर

साक्षीदार:
१. गंगूताई (सही स्वहस्ते. अंगठा नाही.)
२. नेमसिंग, शेजारी, चहापत्तीचे दुकानदार