बाजेचं माप

शुक्रवार, १२ जानेवारी १९७९. संध्याकाळ.

आज जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं, "काऊन जेवत नाई?"

दवाखान्याच्या नव्या दाराला वरून लोखंडी पट्टी मीच बसवली. तिच्यातला दार अडवणारा स्टॉपर सरकवून स्क्रू आवळला की दार तिथपर्यंतच उघडतं. दारामागे औषधांचं काचेचं कपाट, त्याला धक्का लागू नये म्हणून मी दार अर्ध्याहून थोडंच जास्त उघडेल असं ठेवलं. स्ट्रेचर ढकलून पाहिलं होतं. सहज गेलं होतं.

आज मी तिथेच उरलेलं काम करत असताना हिंगणीहून चौघांनी एका म्हातारीला बाजेवर आणलं. पाय मोडलेला. बाज दारात अडकली. तिरपी करावी तर म्हातारी वर. तिचा पोरगा म्हणाला, "दार पुरं उघडा ना भाऊ, मायले लय दुखून राह्यलं."

मी स्टुलावर चढलो. पेचकस फिरेना, इतका गच्च स्क्रू. मीच आवळलेला. तेवढ्यात त्यांनी तिला बाजेवरून हातांवर उचललं. तिचं ते ओरडणं अजून कानात आहे.

नंतर दोघांनी कपाट हातभर सरकवलं, मी पक्कडीने स्क्रू सैल करून स्टॉपर मागे घेतला. बस, एवढंच काम होतं.

स्ट्रेचर सहज गेलं होतं, हे मी सगळ्यांना सांगत सुटलो. पण खेड्यातून कोण स्ट्रेचरवर येतं? हे मला कुणी सांगायला हवं होतं का? माझ्या आईलाही आम्ही दवाखान्यात बाजेवरच आणलं होतं. पुढची बाजू माझ्याच खांद्यावर होती.