उंबऱ्यावरची वेल

१४ सप्टेंबर, रविवार, दुपार

प्रिय ताई,

प्रभूच्या नावाने सलाम. आम्ही सगळे ठीक आहोत. तुझी भावजय तुझ्या गुडघ्याची चौकशी करते आहे आणि मला सांगते आहे की पत्र लवकर आटप, जेवण निवतंय.

या दोन हातांनी मी काय काय केलं, ते आज पुन्हा लिहावंसं वाटतं. तू हसशील. हस. चर्चमधले चौदा बाक, दर माणशी अठरा इंच जागा मोजून. पाळकसाहेबांचं व्यासपीठ, ज्याच्यावर ठेवलेली पेन्सिल अजून एकदाही घरंगळलेली नाही. प्रभुभोजनाचं मेज. तुझं लग्नातलं कपाट, ज्याचं दार अजून कुरकुरत नाही असं तूच कळवतेस. आणि चर्चचं पुढचं दार. दुहेरी झडपांचं, चौकटीत एकही खिळा नाही, सगळं खाचेत खाच. उंबऱ्यावर द्राक्षवेलीचं मूळ कोरलेलं, तिथून वेल दोन्ही बाजूंनी वर चढते आणि कपाळपट्टीवर एकमेकींना भेटते. पाहायला येणारे विचारतात, कुठे शिकलात? मी सांगतो, वाया घालवलेल्या लाकडाकडून.

तू त्या दाराचा नवा फोटो मागितलास, जुना उन्हाने उडाला म्हणून. पाठवतो. त्याआधी जरा इकडचं सांगतो.

आपली शिवणमावशी आठवते ना, मेजावरचं कापड शिवणारी, तिखट जिभेची? तुझ्या भावजयीच्या आजारपणात दोन महिने आमच्या घरी डबा तिचाच होता. यंदा तिचे पाय गेले. आता चाकाच्या खुर्चीत असते. पहिल्या रविवारी चौघांनी तिला खुर्चीसकट उचलून चर्चच्या तीन पायऱ्या चढवल्या. वर पोचल्यावर म्हणाली, "मी कपाट नाही रे, उचलून ठेवायला." त्यानंतर ती आलीच नाही.

मग मी उठलो. कुणाला न विचारता, कुणाची मदत न घेता, चर्चमागच्या स्वयंपाकघराच्या दाराला लाकडी उतार केला. कठडा असा गुळगुळीत की रेशीम फिरवलं तरी अडकू नये. तिला दाखवायला बोलावलं. तिने कठड्यावरून हात फिरवला.

"सुरेख झालंय. भाजीच्या टोपल्या आणायला बरं पडेल."

"मावशी, हे तुमच्यासाठी आहे."

"मी सदतीस वर्षं पुढच्या दाराने आत गेले. पाय गेले म्हणून आता देवाच्या घरी मागून जाऊ?"

मला राग आला, ताई. इतका राग की तीन आठवडे तिच्या गल्लीतून गेलो नाही. घरी म्हणत होतो, कष्टाची किंमत नाही लोकांना. तुझी भावजय एवढंच म्हणाली, "तिला हवं ते तू केलंस, का तुला हवं ते?"

मग प्रभुभोजनाचा रविवार आला. भाकरीचं ताट बाकावरून हातोहात पुढे जातं, तुला माहीतच आहे. माझ्या शेजारी मावशीची जागा. तिथे कुणीच बसत नाही, सगळ्यांना सवय तशी. ताट मी पुढे केलं, पलीकडच्या पाववाल्याने हात लांबवला, आणि भरलेलं ताट दोघांच्याही बोटांच्या टोकांवरच आलं. ताट मधल्या मध्ये हलत राहिलं. अठरा इंच. माझंच माप. मी उठून ताट दिलं आणि खाली बसलो.

उपासना संपल्यावर पाळकसाहेबांना म्हटलं, पुढच्या दाराला उतार करायचा. ते म्हणाले, "करू, पण सगळे मिळून." मला धडकीच भरली. अठरा फुटांचा उतार, आणि हाताशी कोण, तर पाववाला, शाळेच्या बाई आणि दातांचे डॉक्टर. पाववाल्याने सिमेंट कणकेसारखं मळलं. डॉक्टर दर विटेपाशी वाकून म्हणायचे, "हिला कीड नाही ना?" उताराची डावी बाजू अर्धा इंच कलली. मला दिसलं. मी गप्प बसलो. ताई, हे वाक्य पुन्हा लिहितो, म्हणजे तुझा विश्वास बसेल: मला दिसलं आणि मी गप्प बसलो.

पण उतार झाला तरी उंबरा होताच. चार बोटं उंच. दोन्ही बाजूंना पाचरी ठेवून पाहिल्या. रिकामी खुर्ची वर चढली आणि माथ्यावर अडकून तराजूसारखी झुलायला लागली. शाळेच्या बाई म्हणाल्या, "पाळणा छान झाला." सगळे हसले. मग सगळ्यांनी उंबऱ्याकडे पाहिलं आणि कुणीच माझ्याकडे पाहिलं नाही.

तुला आता कळलंच असेल.

काल सकाळी करवत घेऊन गेलो. लावणार तेवढ्यात एक पाहुणे आले, त्यांचं शेवटी लिहितो. ते गेल्यावर उंबरा दोन्ही टोकांना चौकटीलगत कापला. लाकूड इतक्या वर्षांनीही आतून ताजं होतं, वास आला. त्या तुकड्याची मी शोभेची वस्तू केली नाही. पाववाल्याच्या भट्टीत दिला. आजची भाकरी त्यावर भाजली.

मावशीची खुर्ची मावेल एवढा बाकही कापला, म्हणजे ती ओळीतच बसेल.

आज ती आली. उताराच्या पायथ्याशी थांबली. डॉक्टर पुढे सरसावले तर म्हणाली, "हात लावाल तर चावीन, मग बघा दात." स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत अठरा फूट चढली. डावीकडे जरा कलली, सावरली. आत सगळी मंडळी उभी. मी दारात.

जिथे मूळ होतं तिथे ती थांबली. खाली पाहिलं, मग दोन्ही बाजूंच्या तुटलेल्या वेलींकडे.

"इथेच होतं ना रे?"

"हो."

"दुखलं?"

"दुखलं."

"बरं झालं खोटं बोलला नाहीस. सरक आता, गाणं सुरू होईल."

आणि गाणं तिनेच सुरू केलं, बाकाशी पोचायच्या आधी. इतक्या महिन्यांनी तिचा आवाज छताला लागला, आणि मागून सगळे. भाकरीचं ताट आलं तेव्हा मी जागचा उठलो नाही. हात लांबवला, तिने घेतलं, पाववाल्याला दिलं. ताई, माझ्या हातून याहून सरळ काम झालेलं नाही.

फोटो सोबत पाठवतो. दार तुटकं दिसेल. भिंतीवर हाच लाव. तू म्हणायचीस, याला माणसापेक्षा लाकूड जास्त कळतं. खरं होतं. आता दुसरीकडेही हात बसतो आहे.

वाया घालवूनच शिकणारा,
तुझा धाकटा भाऊ

ता. क. त्या पाहुण्यांचं राहिलं. ते लाकूडकामाच्या एका मोठ्या संग्रहालयाचे साहेब होते. म्हणाले, असं काम त्यांनी कुठे पाहिलं नाही. अट एकच, दार उंबऱ्यासकट कायम जसंच्या तसं राहायला हवं. शेजारी माझ्या नावाची पितळी पाटी लावतील, आणि पैसे माझ्या हातात. पाळकसाहेब म्हणाले, "दार तू दिलंस, तूच ठरव." मी म्हटलं, "साहेब, जरा मागे व्हा, अंगावर भुसा उडेल." किती देत होते, ते घरीसुद्धा बोललो नाही, फक्त तुला सांगतो. पाच लाख.